घर पडलं, सही कुणाची होती?

बचत गटांच्या या कार्यक्रमात आपण बहुतेक वेळा कर्ज, हप्ते, शेळीपालन, शिलाईकाम यांबद्दल बोलतो. आज घराबद्दल बोलायचं आहे. घर बांधायला पैसे कुठून आणायचे, हा आजचा विषय नाही. बांधून मिळालेलं घर अंगावर आलं तर जाब कुणाला विचारायचा, आणि ते अंगावर यायच्या आधीच विचारता येतो का, हा आजचा विषय आहे. यात थोडा इतिहास आहे. तो आपल्याच भागातला आहे, आणि त्यात बायांचं काम मोठं आहे. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस तसा कमीच. पण दोन-तीन दिवस झड लागली की कुठून तरी बातमी येतेच. भिंत पडून म्हातारी गेली, गोठ्याची भिंत पडून म्हैस दगावली. आपण बोलतो कसं? "भिंत पडली." "स्लॅब आला." जणू भिंत आपल्या मनानंच पडते. मग तलाठी येतो, पंचनामा होतो. किती पत्रे वाकले, किती धान्य भिजलं, सगळं लिहून घेतात. जुन्या मातीच्या घराचं एक वेळ समजू शकतं. ते आजोबा-पणजोबांनी बांधलेलं, त्याची तपासणी कुणी केलेली नसते. पण सरकारी पैशातून बांधलेलं घरकुल, नगरपालिकेनं परवानगी दिलेली इमारत, ठेकेदारानं उभी केलेली वसाहत, यांचं तसं नाही. तिथं प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी "काम बरोबर आहे" असं लिहून खाली सही केलेली असते. ती सही कुणाची, हे विचारायला आपण कसं शिकलो, त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात किल्लारीपासून करू या. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र होती. लोक थकून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. किल्लारी, सास्तूर ही नावं तेव्हा घरोघरी गेली. सरकारी आकड्यांनुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, इतर नोंदींत हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. सोलापुरातही त्या पहाटे लोक घराबाहेर धावले. आमच्यातल्या काही जणी तेव्हा लहान होत्या. आईनं उचलून अंगणात आणलं, आणि मग कितीतरी रात्री सगळी गल्ली बाहेरच झोपली, एवढं आम्हाला आठवतं.

भूकंप तर निसर्गाचा. पण एवढी माणसं का गेली, याचा अभ्यास झाला तेव्हा बोट घरांकडे गेलं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले. भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद. दरवर्षी गळू नये म्हणून त्यावर पांढरी माती टाकायची, वर्षानुवर्षं थर चढत जायचा, टनावारी ओझं डोक्यावर. जमीन हलली तशा भिंती फुटल्या आणि माती खाली आली. काही ठिकाणी मात्र लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा राहिला, नुसत्या भिंती गळून पडल्या. म्हणजे त्याच गावात, त्याच धक्क्यात, बांधणीतल्या फरकानं माणसं वाचली.

आणखी एक गोष्ट. त्या वेळच्या सरकारी भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे पहिल्या क्षेत्रात, दाखवलेला होता. त्याआधी वर्षभर, १९९२ पासून, किल्लारीच्या आसपास लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरले होते. पण कागद म्हणत होता की इथं धोका नाही. पुढे २००२ मध्ये देशाचा नकाशा बदलला, पहिलं क्षेत्रच काढून टाकलं, आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. कागद बदलायला नऊ वर्षं लागली. कागदावर "सुरक्षित" लिहिलं म्हणून घर सुरक्षित होत नाही, हा किल्लारीचा पहिला धडा.

दुसरा धडा नंतरच्या बांधकामातला आहे. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन राज्य सरकारनं १९९४ पासून पुनर्वसनाचं मोठं काम काढलं. सगळ्यात जास्त पडलेली ५२ गावं नवीन जागी वसवली. तिथं बहुतेक घरं ठेकेदारांनी आणि संस्थांनी बांधून दिली. पण त्याहून कितीतरी जास्त, दोन लाखांच्या आसपास घरं अशी होती, की जी पूर्ण पडली नव्हती. त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण जागेवरच करायचं होतं, आणि ते घरमालकानं स्वतः करून घ्यायचं होतं. पैसा सरकारचा, मार्गदर्शन इंजिनिअरचं, काम घरच्यांचं.

आता विचार करा. शेकडो गावं, लाखो घरं, आणि इंजिनिअर मोजके. इंजिनिअर गावात यायचा, पुरुषांशी चावडीत बोलायचा आणि जायचा. घरात दिवसभर असते ती बाई. भिंत कुठं ओलावते, तुळई कुठं वाकली, कोनाड्यामागं चीर कधी पडली, हे तिला माहीत. पण तिला विचारणार कोण?

इथं प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था पुढे आली. सरकारनंच तिला लोकसहभागाचं काम दिलं. लातूर आणि उस्मानाबादच्या हजारावर गावांत स्थानिक बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. या काही शिकलेल्या इंजिनिअर नव्हत्या. काही जणी जेमतेम चौथी-पाचवी शिकलेल्या. त्यांनी आधी महिला मंडळं जागी केली. कुणाला किती मदत मंजूर आहे हे घरोघर जाऊन सांगितलं, म्हणजे मधल्यामध्ये कुणी खायला नको. मग त्या बांधकाम शिकल्या. भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचा तुकडा का घालायचा, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या घराभोवती काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा, लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपा आधार कसा द्यायचा, माळवदावरची माती का कमी करायची. शिकल्या आणि बघायला लागल्या. सिमेंट किती, वाळू किती, पाणी किती दिवस मारलं. गावातला गवंडी म्हणायचा, "बायांना काय कळतंय?" पण ज्या बाईनं उभ्या जन्मात भाकरीच्या पिठाचा अंदाज चुकू दिला नाही, तिला घमेल्यांचा हिशोब अवघड जात नाही.

यातलं एक लक्षात घ्या. या बायांनी कुणावर खटला भरला नाही. त्यांनी जाब विचारला तो काम चालू असताना. इंजिनिअरला त्यांनी गावासमोर उभं केलं आणि विचारलं, "हे असं का?" पुढे २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडे गेल्या आणि तिथल्या बायांना आपला अनुभव सांगितला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बायांनी हे केलेलं आहे, हे आपल्या पोरींना माहीत असायला हवं.

पण काम चालू असताना तिथं हजर राहता आलं नाही तर? ठेकेदारानं भिंत घातली, गिलावा केला, रंग दिला, आणि चावी हातात ठेवली. आत काय घातलंय ते दिसत नाही. तेव्हा कागद मागावा लागतो. आणि कागद मागायचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही.

किल्लारीनंतर वर्षभरानं, डिसेंबर १९९४ मध्ये, राजस्थानातल्या कोट किराना गावात एक सभा झाली. मजदूर किसान शक्ती संघटन या संघटनेनं ती भरवली होती. अरुणा रॉय आणि त्यांचे सहकारी यात होते. त्यांनी केलं काय? दुष्काळी कामाची हजेरीपत्रकं आणि बिलं मिळवली आणि गावासमोर मोठ्यानं वाचली. ज्यांनी कधी त्या कामावर पाऊल ठेवलं नाही, त्यांची नावं हजेरीत निघाली. लोक जागेवर उठून म्हणाले, "मी तर तिथं नव्हतोच." याला त्यांनी 'जनसुनवाई' म्हटलं. कागदातलं खोटं गावाच्या आठवणीनं पकडायचं, अशी ती साधी रीत.

महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी माहितीच्या हक्कासाठी आंदोलनं केली आणि राज्याचा कायदा २००२ मध्ये आला. मग २००५ मध्ये सगळ्या देशासाठी माहितीचा अधिकार कायदा झाला. दहा रुपयांत अर्ज, तीस दिवसांत उत्तर, एवढं आपल्याला बहुतेकींना माहीत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेवढंही शुल्क नाही. पण या कायद्यात एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. माहिती म्हणजे नुसती झेरॉक्स नव्हे. सरकारी काम जागेवर जाऊन बघायचा, त्याच्या नोंदी करायचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचा अधिकारही याच कायद्यात आहे. म्हणजे आपल्या घरकुलाच्या काँक्रीटचा नमुना आपण मागू शकतो.

आता शहरांकडे वळू, कारण अधिकाऱ्यांना बेड्या पडल्याच्या गोष्टी तिकडच्या आहेत आणि त्या आपल्याला काही शिकवतात. आपलीच पोरंबाळं आज ठाण्यात, पुण्यात, भिवंडीत भाड्याच्या खोल्यांत राहतात.

४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी ठाण्याजवळ शिळफाट्याला 'लकी कंपाउंड' मधली एक इमारत कोसळली. सात मजले चढले होते, आठव्याचं काम चालू होतं. परवानगी नव्हती. काही महिन्यांत ती उभी केलेली, आणि वरचं काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर गरीब कुटुंबं राहायला आणलेली. ७४ माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. या वेळी पोलीस बिल्डरवर थांबले नाहीत. महापालिकेचे उपायुक्त, इतर अधिकारी, एक नगरसेवक आणि पोलीस खात्यातली माणसंही पकडली गेली. एवढी मोठी इमारत रातोरात उभी राहत नाही. तिच्या समोरून रोज कुणीतरी जात होतं आणि डोळे मिटून घेत होतं. डोळे मिटणं हाही गुन्हा ठरू शकतो, हे तेव्हा राज्यानं पाहिलं.

त्याच वर्षी २७ सप्टेंबरला मुंबईत माझगावला बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळली. ती तर महापालिकेचीच होती, आणि राहणारेही महापालिकेचेच कर्मचारी. ६१ जण गेले. ज्या कार्यालयानं दुसऱ्यांची घरं तपासायची, त्याला स्वतःच्या माणसांची घरं सांभाळता आली नाहीत.

मग रायगड जिल्ह्यातलं महाड. २४ ऑगस्ट २०२० ला तिथं 'तारिक गार्डन' नावाची पाच मजली इमारत पत्त्यासारखी कोसळली. १६ जण गेले. इमारत जुनी नव्हती, दहा वर्षंही झाली नव्हती. इथं परवानगीचे कागद होते. म्हणून गुन्हा नोंदवताना बिल्डरबरोबर वास्तुविशारद, काँक्रीटचा सल्लागार, नगरपालिकेचे मुख्याधिकारी आणि अभियंता यांचीही नावं आली. शिळफाट्याला कागदच नव्हता, महाडला कागद होता, माणसं दोन्हीकडे गेली. फरक एवढाच, की कागद असला की कुणी सही केली ते कळतं.

महिन्याभरातच, २१ सप्टेंबर २०२० ला, भिवंडीत जिलानी इमारत पडली, बरीच माणसं गेली. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकांना जाब विचारला. हे चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. अटक झाली, चौकशी लागली, न्यायालय बोललं, ते सगळं माणसं गेल्यावर. आणि नंतरही वाट लांबच असते. सरकारी माणसावर नोकरीतल्या कामासाठी खटला चालवायचा तर अनेकदा सरकारची आधी परवानगी लागते. तोवर बदली होते, कुणी निवृत्त होतं, फायली या टेबलावरून त्या टेबलावर जातात. ज्यांचं लेकरू गेलं ते तारखांना जात राहतात. म्हणून आम्ही म्हणतो, शिळफाटा आणि महाडपेक्षा आपल्याला किल्लारीच्या बायांचा रस्ता जवळचा आहे. जाब आधी विचारायचा.

आता आपल्या सोलापूरचं. घरासाठी बायांनी एकत्र येणं सोलापूरला नवीन नाही. आपल्याकडच्या विडी कामगार बायांनी मोर्चे काढून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून घरं मिळवली. कुंभारीला नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचं वाटप झालं. त्यानंतर तिथंच रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. दिवसभर विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बाया स्वतःच्या घरात गेल्या. गावाकडे प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुलही आता बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं. घरावर नाव लागलं म्हणजे विचारायचा अधिकारही आपल्या नावावर आला. पण आपण तो वापरतो का?

आमचा एक अनुभव सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कुणाचंच नाव सांगत नाही, कारण आम्हाला कुणाला बदनाम करायचं नाही. आमच्या भागातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी ठेकेदारानं एक छोटी वसाहत बांधून दिली. आमच्या दोन गटांतल्या बाया तिथं राहतात. दुसऱ्याच पावसाळ्यात छत गळायला लागलं. तिसऱ्या पावसाळ्यात एका मावशीच्या घरात रात्री छताचा पोपडा सुटला. गिलाव्यासकट काँक्रीटचा तुकडा खाली आला. मावशीच्या पायाचं हाड मोडलं. ज्या जागी तुकडा पडला तिथं रोज नात झोपायची. ती त्या रात्री आईबरोबर आजोळी गेली होती.

आम्ही कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, इंजिनिअरनं पास केलंय. इंजिनिअरची बदली झाली होती. नवीन इंजिनिअर म्हणाले, "तुम्ही वर पाणी साठू दिलं असेल." आम्ही अर्ज दिला आणि परत आलो. दोन महिन्यांनी विचारलं तर असा अर्जच आला नाही म्हणाले. पोच घेतली नव्हती. चूक आमची होती. त्या दिवसापासून आमच्या गटाचा नियम आहे, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरायची नाही.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तोही सोपा गेला नाही. वसाहतीतल्याच काही जणी सही करायला घाबरल्या. "तक्रार केली तर यादीतून नाव काढतील." "माझा दीर ग्रामपंचायतीत आहे, घरात भांडण होईल." आम्ही कुणावर जबरदस्ती केली नाही. पाच जणींनी सही केली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, पहिलं अपील केलं, तेव्हा कागद मिळाले. त्यात मोजमाप पुस्तिकेची प्रत होती. तिला कार्यालयात एमबी म्हणतात. कोणतं काम कधी झालं, किती झालं, कुणी तपासलं, ते त्यात लिहिलेलं असतं आणि त्यावरूनच ठेकेदाराचं बिल निघतं.

ती प्रत आम्ही गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचली. एका ओळीत स्लॅबच्या सळया तपासल्याची तारीख होती. ती ऐकून एक आक्का म्हणाली, "थांब. ही तर जत्रेची तारीख आहे." सगळ्या जणी बोलायला लागल्या. त्या दिवशी पालखी होती, गावात एकही मजूर कामावर नव्हता, इंजिनिअरची गाडी आली असती तर अख्ख्या गावानं बघितली असती. कोट किराना गावात घडलं तेच आमच्या मंदिराच्या ओट्यावर घडलं. कागद एक सांगत होता, गाव दुसरं सांगत होतं.

आम्ही हे महिलांच्या ग्रामसभेत मांडलं. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम आहे. ती बऱ्याच गावांत रजिस्टरवरच होते. आम्ही ती खरी भरवली. तिथला ठराव मोठ्या ग्रामसभेत गेला, तिथून तालुक्याला, मग जिल्ह्याच्या लोकशाही दिनात. काम पूर्ण झाल्यावरही ठेकेदाराची सुरक्षा ठेव काही काळ सरकारकडे असते. ती अजून परत दिली नव्हती, हे आमचं नशीब. ती रोखली गेली आणि छतांची दुरुस्ती झाली. सगळ्यात वाईट घरांची आधी. सही करणाऱ्या इंजिनिअरला नोटीस गेली, एवढं कळलं. पुढे काय झालं, ते आम्ही अजून विचारत आहोत. मावशी आता काठी घेऊन चालते. म्हणजे आम्ही सगळं जिंकलं असं म्हणता येणार नाही. पण त्या वसाहतीत या वर्षी पावसाळ्यात कुणी पलंग ओढून दारापाशी झोपलं नाही.

यातून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील.

घरकुल स्वतः बांधत असाल, तर स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी इंजिनिअरला बोलवा आणि सळया दाखवा. एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. हप्त्यासाठी फोटो काढायला माणूस येतो. तो फोटो काढतो, तेवढ्यानं तपासणी होत नाही. त्याला थांबवून विचारा. सळई किती जाडीची, रिंगा किती अंतरावर, सिमेंटची गोणी किती दिवसांपूर्वीची, पाणी किती दिवस मारायचं. आणि आपल्याही गटाच्या वहीत तारीख टाकून लिहून ठेवा, कोण आलं, काय बघितलं. त्यांची वही असते, तशी आपलीही असू दे.

ठेकेदार बांधत असेल, तर काम चालू असतानाच अंदाजपत्रकाची प्रत मागा. कामाच्या जागी फलक लावलेला असतो, त्याचा फोटो घ्या. चावी घेताना घर नीट बघा, चीर, ओल, गळती दिसली तर लेखी द्या आणि पोच घ्या. ज्यांची मुलं शहरात फ्लॅट घेतात त्यांनी हेही लक्षात ठेवा. रेरा कायद्याप्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला मोठा दोष निघाला तर बिल्डरनं तो स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो.

खालच्या कार्यालयात कुणी ऐकलं नाही तर वर जायला वाट आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. अधिकाऱ्यानं अधिकाराचा गैरवापर केला असेल तर लोकायुक्तांकडे तक्रार करता येते. ती व्यवस्था आपल्या राज्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, पण गावात तिचं नाव फार थोड्या जणींना माहीत आहे.

आणि एक. सगळे अधिकारी वाईट असतात असं आम्ही म्हणत नाही. किल्लारीनंतर रात्रंदिवस राबणारे अधिकारीही होते, आणि त्यांच्याबरोबर काम केल्यामुळेच त्या बाया शिकल्या. आमच्या तालुक्यातल्या एका तरुण इंजिनिअरताईनं मागच्या वर्षी आमच्या गटाला स्लॅबच्या सळया मोजायला शिकवलं. जो नीट काम करतो त्याला आपल्या प्रश्नाची भीती वाटत नाही. उलट त्याला ठेकेदारासमोर उभं राहायला बळ मिळतं.

येत्या बैठकीत कर्जाचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. गटातल्या प्रत्येकीला विचारा, तुझ्या घराला चीर आहे का, छत गळतं का, आणि ते घर पास करणाऱ्याचं नाव तुला माहीत आहे का? वहीत लिहून घ्या. मृग लागायच्या आत लिहून घ्या. पुढच्या कार्यक्रमात आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, तो ओळीनं वाचून दाखवू. वही-पेन घेऊन बसा.